‘अटिपिकल’ म्हणजे नक्की कुणाच्या हिशोबाने?

हृदयविकाराचा झटका म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पन्नाशीचा पुरुष, छातीवर दाबून धरलेला हात, कपाळावर घाम. सिनेमात तेच आणि जाहिरातीत तेच. आम्ही शिकलो त्या पुस्तकांतही तेच होतं. एखाद्या बाईला दम लागला, मळमळलं, पाठीत किंवा जबड्यात दुखलं, अंगातलं त्राण गेलं, की त्या लक्षणांना आम्ही ‘अटिपिकल’ म्हणतो, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळी. लोकसंख्येच्या निम्म्या माणसांची लक्षणं ‘वेगळी’ ठरवण्याचा अधिकार वैद्यकशास्त्राला कुणी दिला? हा शब्द आता पुस्तकांतून काढून टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हे ‘नेहमीचं’ ठरलं कसं, ते पाहा. रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिनची गोळी निरोगी माणसाला पहिल्या झटक्यापासून वाचवते का, हे तपासणारा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. त्यात 22,071 डॉक्टर होते आणि सगळे पुरुष. 1989 साली निष्कर्ष छापून आला की झटक्यांचं प्रमाण 44 टक्क्यांनी घटलं. स्त्रियांवर तसाच मोठा अभ्यास होऊन उत्तर यायला 2005 साल उजाडलं. त्यात 39,876 स्त्रिया होत्या आणि उत्तर वेगळंच निघालं. पक्षाघात थोडा कमी झाला, पण पहिला झटका टाळण्यात एकूण स्त्रियांना म्हणावा असा फायदा दिसला नाही. मधली सोळा वर्षं बायकांना सल्ला दिला गेला तो पुरुषांच्या आकड्यांवरून.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: ‘डॉक्टर, हे बायकांच्या काळजीपोटीच झालं.’ यात तथ्य आहे. थॅलिडोमाइड या औषधामुळे 1960च्या आसपास हजारो बाळं व्यंग घेऊन जन्माला आली. त्या धसक्याने 1977 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. गर्भनिरोधक घेणाऱ्या आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या बायकासुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. ही अट 1993 मध्ये निघाली. पण विचार करा, यात धोका टळला का? औषध बाजारात आल्यावर बायका ते घेणारच होत्या. चाचणीत निदान रोज कुणीतरी तपासायला असतं. तिथला धोका उचलून आपण तो घरी एकट्या बसलेल्या बाईच्या पदरात टाकला.

झोल्पिडेम हे झोपेचं औषध घ्या. अमेरिकेत ते 1992 साली मंजूर झालं. स्त्रियांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं, त्यामुळे सकाळी गाडी चालवताना त्याचा अंमल शिल्लक राहू शकतो. म्हणून तिथे स्त्रियांसाठीचा डोस 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणला गेला, तो 2013 मध्ये. एकवीस वर्षांनी! (तुम्ही ही गोळी घेत असाल तर हे वाचून ती परस्पर बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांना डोसबद्दल विचारा.)

आता मूळ मुद्द्याकडे येतो, तो आहे नर्सेसचा.

अमेरिकेत 1976 साली नर्सेसचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. 1,21,700 नर्सेस वर्षानुवर्षं प्रश्नावल्या भरत राहिल्या. गर्भनिरोधक गोळ्या, सिगारेट, आहार, स्तनाचा कर्करोग अशा अनेक विषयांवर आज जे आपण छातीठोकपणे सांगतो, त्यातलं बरंच काही या बायकांनी भरलेल्या कागदांतून आलं. नर्सेसच का निवडल्या? कारण त्या आजारांची माहिती अचूक लिहितात. म्हणजे नर्सने स्वतःच्या शरीराबद्दल लिहिलं की ते विज्ञान. आणि तीच नर्स रात्रपाळीत रुग्णाबद्दल जे लिहिते, ते सकाळच्या राउंडला किती डॉक्टर वाचतात?

तीच तऱ्हा त्यांच्या जर्नल्सची. ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’ 1900 सालापासून निघतं, ‘नर्सिंग रिसर्च’ 1952 पासून. दुखणं रुग्ण कोणत्या शब्दांत सांगतो, किती दिवस अंगावर काढतो, कुणाला सांगायला लाजतो, हे प्रश्न तिथे गांभीर्याने विचारले जातात. माझ्या एमबीबीएसच्या आणि एमडीच्या वर्षांत नर्सिंगचं एकही जर्नल कुणी आमच्या हातात दिलं नाही. बायकांनी चालवलेला, बहुतांशी बायकांचा व्यवसाय. त्यांचं ज्ञान ‘सेवाभाव’ म्हणून गौरवायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं. परिचारिका दिनाला गुलाबाचं फूल द्यायला मात्र आम्ही विसरत नाही.

आणि नर्सने विचारलेल्या प्रश्नातून काय हाती लागतं, तेही पाहा. जीन मॅकस्वीनी या अमेरिकन परिचारिका-संशोधक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या 515 स्त्रियांना विचारलं की आधीचे दिवस कसे होते. 2003 साली निष्कर्ष छापले गेले. तब्बल 95 टक्के स्त्रियांना झटक्याच्या महिनाभराहूनही आधीपासून काहीतरी नवं जाणवत होतं. सुमारे 71 टक्क्यांना कधी नव्हे असा थकवा होता, जवळपास निम्म्यांची झोप बिघडली होती. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी 43 टक्के स्त्रियांना छातीत दुखलंच नाही. या अभ्यासाला मर्यादा आहेत. नंतर आठवून सांगितलेली ही माहिती आहे, आणि छातीतलं दुखणं, दडपण हे स्त्रियांमध्येही महत्त्वाचं लक्षण आहेच. थकलेल्या प्रत्येक बाईला हृदयविकार आहे असा अर्थ कृपया काढू नका. पण हा प्रश्न तेव्हापर्यंत इतक्या बायकांना नीट विचारलाच गेला नव्हता, हे विसरू नका.

आपल्याकडे तर घरातल्या बाईचा थकवा गृहीतच धरलेला असतो. ‘गॅस झाला असेल’, ‘टेन्शन घेते फार’, ‘वयाचं आहे’. हे घरचे म्हणतात, शेजारीण म्हणते आणि पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात.

तेव्हा ताई, नेहमीची कामं करताना अचानक नवा थकवा जाणवत असेल, जिना चढताना दम लागत असेल, जबडा, पाठ किंवा हात दुखत असेल, विशेषतः जोडीला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगू नका. ‘हे आधी असं नव्हतं, अमुक दिवसांपासून आहे’ असं सांगा आणि ईसीजी काढायचा का ते विचारा. दम, घाम, छातीवर दडपण हे एकदम सुरू झालं तर उद्याची वाट न पाहता 108ला फोन करा. आणि दवाखान्यात दाखल असाल तर रात्री जे जाणवेल ते सिस्टरना सांगा, केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा, आणि सकाळी डॉक्टर आले की ते वाचलं का, हे त्यांना विचारा.