क्लिकचे पैसे कुणाच्या खिशातून येतात?

'घर बैठे कमाओ, रोज दो घंटे, सिर्फ मोबाइल चाहिए.' हा मजकूर आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक वॉट्सअॅप गटांवर कधी ना कधी येऊन गेला आहे. पुढे पाठवणारे ओळखीचेच असतात, काही तर माझे जुने विद्यार्थी. डीएड, बीएड करून बसलेली मुले, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुली, लहान लेकरांमुळे घराबाहेर पडता येत नाही अशा बहिणी. त्यांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. जुम्याच्या बयानातही तसे ऐकले आहे. मला ते पटत नाही. शिक्षक भरतीची वाट पाहता पाहता तिशी ओलांडलेल्या माणसाला मोबाइलमधून रोजी मिळेल असे वाटले, तर त्यात त्याचा गुन्हा काय?

म्हणून हे काम करूच नका, असे मी म्हणत नाही. हात घालण्याआधी एवढेच विचारा, की या क्लिकचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून येतात?

खऱ्या धंद्यात याचे उत्तर सरळ आहे. क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत १९९८ मध्ये अमेरिकेतल्या 'गोटू डॉट कॉम'ने चालवून दाखवली आणि पुढे गूगलने ती जगभर नेली. समजा, एक चप्पलवाला आहे. तो म्हणतो, माझी जाहिरात नुसती दिसली म्हणून पैसे देणार नाही. कुणाला ती बघावीशी वाटली आणि त्याने तिच्यावर बोट टेकवले, तर देईन. म्हणजे तो बोटाच्या हालचालीचे पैसे देत नाही, माणसाच्या खऱ्या इच्छेचे देतो. त्यातला वाटा गूगल ठेवते, उरलेले पान चालवणाऱ्याला मिळतात. हजार जणांनी पान पाहिले तर जाहिरातीवर बोट टेकवणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही. कित्येकांचे ब्लॉग त्याआधीच बंद पडतात. फेसबुकवर वस्तूंच्या लिंक टाकण्याचे काम वेगळे. तिथे बहुधा खरेदी झाली तरच कमिशन. ही मेहनतीची, हलाल कमाई आहे. पण दहावीचे गणित उर्दूतून समजावणाऱ्यालाही वर्ष-दोन वर्षे नेटाने लिहावे लागते, तेव्हा कुठे रिचार्जचा खर्च सुटतो. पगाराची जागा ती घेईल, या भरवशावर कुणी राहू नये.

'भाईजान, माझ्या लिंकवर रोज एकदा क्लिक करा, तुमचे काही जात नाही.' गडबड इथे सुरू होते. तुमचे जात नाही, त्या चप्पलवाल्याचे जाते! स्वतःच्या पानावरच्या जाहिरातीवर क्लिक करणे किंवा इतरांना करायला सांगणे गूगलच्या नियमांत मना आहे. सापडले तर खाते बंद होऊ शकते. पण नियम नसता तरी काय फरक पडला असता? माप मारणाऱ्यांबद्दलची सूरह मुतफ्फिफीन आपण मुलांना मकतबमध्ये पाठ करून घेतो. खोटा क्लिक म्हणजे मापात मारलेला हातच.

ओल्या धान्याची हदीसही सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. पैसे घेऊन एखाद्या क्रीमची शिफारस करायची आणि 'मी स्वतः वापरते' एवढेच लिहायचे, हे ओले धान्य खाली दडपणे आहे. ही जाहिरात आहे हे ठळक लिहा, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सांगितले. आपल्याला ते त्याच्या कितीतरी आधी माहीत होते.

आता ज्या धंद्यात चप्पलवालाच नाही, त्याचे बघा. नोएडाच्या 'सोशल ट्रेड'मध्ये ५,७५० पासून ५७,५०० रुपयांपर्यंत भरून सदस्य व्हायचे आणि दर क्लिकला पाच रुपये मिळवायचे. सर्वांत मोठ्या पॅकेजवर दिवसाला १२५ क्लिक, म्हणजे ६२५ रुपये. पाटीवर भागाकार करून पाहा, ९२ दिवसांत मुद्दल परत! नंतरचे पैसे कोण देणार? फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी चालकांना अटक केली तेव्हा हा आकडा सुमारे साडेसहा लाख लोक आणि ३,७०० कोटी रुपये असा सांगितला. सदस्य एकमेकांच्याच लिंकवर क्लिक करत होते, असे पोलिसांचे म्हणणे. म्हणजे जुन्यांना मिळत होते ते नव्यांनी भरलेले पैसे.

आज तेच टेलिग्रामवर 'टास्क' या नावाने चालते. तीन व्हिडिओ लाइक करा, दीडशे रुपये घ्या. ते खरेच खात्यात येतात. मग 'प्रीपेड टास्क' येतो. आधी पाच हजार भरा, नंतर वीस, आणि पैसे काढायला गेले की 'टॅक्स' भरा. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने अम्मीच्या भिशीचे पैसे त्यात घातले. ती मला एकच विचारत होती, "सर, पण पहिले दीडशे तर आले होते ना?" आले होते. अशाच कुणाच्या तरी भिशीतले असतील, असे मी तिला सांगितले.

असे घडले तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि 'तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला कमिशन देतो' असे कुणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या खात्यात येणारा पैसा दुसऱ्या कुणाचा तरी लुबाडलेला असतो, आणि पोलीस पहिल्यांदा खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्याच घरी येतात.