दंगल की दहशत?

खराडीहून कोरेगाव पार्क फार दूर नाही. तेथील जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी झालेल्या स्फोटात १७ जणांचा बळी गेला. त्यास सर्वांनी दहशतवाद म्हटले, ते योग्यच. परंतु इतिहास शिकविताना आम्ही १९७८ पाशी अडखळतो. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत करताच दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जाळण्यात आले. हेतू राजकीय, बळी निःशस्त्र, आणि उद्देश अवघ्या समाजाला भयभीत करण्याचा. तरीही त्यास ‘दंगल’च म्हणतात! दंगलीत दोन्ही बाजू लढतात. येथे पलिते एकाच बाजूच्या हाती होते. बाबासाहेबांनी संविधान सभेत रक्तरंजित मार्ग त्यागण्यास सांगितले, आणि समाजाने पुढे १९९४ पर्यंत नामांतराचा लढा दिला तो मोर्चे-सत्याग्रहांनी. वर्गात ‘दंगल’ हा शब्द आम्ही आता वापरत नाही.