टाचेचं औषध नाकाला कशाला?

आमच्या नात्यातल्या समस्त काकू-माम्यांनो, हे तुम्हालाच उद्देशून आहे. रागावलात तरी चालेल. "आम्ही जन्मभर खोबरेल लावलं, आमचं काय बिघडलं?" हे पालुपद आता पुरे करा.

नात पुण्याहून दाभोळला आली, की तिच्या तोंडावरच्या पुटकुळ्या बघून जो तो तेलाची वाटी पुढे करतो. अहो, तिचं कपाळ, नाक नि हनुवटी तेलकट आहे, गाल मात्र कोरडे. मिश्र त्वचा म्हणतात ती हीच. कपाळा-नाकावर तेलाच्या ग्रंथी मुळातच जास्त. तिथे खोबरेल चोपडलं तर छिद्रं बुजून पुटकुळ्या वाढणार, कमी कशा होतील?

कोकमाच्या मुठेलाचा मला अभिमान आहे. बिया वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल थिजत आलं की मुठीत दाबून गोळे करायचे. पायांच्या भेगांना त्याला तोड नाही. म्हणून ते नाकालाही लावायचं? घरचं आहे म्हणून सगळीकडे चालतं, हा कुठला न्याय?

दुसरीकडे जाहिरातवाले. १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली'ने सावळ्या पोरींना गोरेपणा विकला. २०२० साली तिचं 'ग्लो अँड लव्हली' झालं, एवढाच काय तो पश्चात्ताप! माझ्या वर्गातल्या चांगल्या हुशार मुली फोटोच्या दिवशी पावडर थापून यायच्या नि मागच्या रांगेत उभ्या राहायच्या. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा पोरींनो, डबीवरची नटी बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. जे जास्त ते यादीत आधी लिहितात. पाणी नि ग्लिसरीन वरच्या चार-पाचांत असावं, सुगंध नसलेला उत्तम. घट्ट क्रीमपेक्षा जेल किंवा पातळ लोशन घ्या. आधी दोन-तीन दिवस कानामागे लावून बघा. मग तोंड धुतल्यावर ओलसर असतानाच वाटाण्याएवढं घ्यायचं, गालांना नीट लावायचं नि नाकावरून नुसती बोटं फिरवायची. खाडीकाठच्या दमट हवेत एवढं पुरतं. पुण्याच्या थंडीत किंवा एसीच्या ऑफिसात गालांना आणखी एक हात द्या. महाग डबीच हवी असं मुळीच नाही.

आणि माम्यांनो, नातीसाठी काढून ठेवलेलं मुठेल इकडे पाठवून द्या. माझ्या टाचा आहेतच.