शाळेसाठी घर

बदली झालेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न निवाऱ्याचा असतो, अशी आमच्या पिढीची समजूत होती. ती आता सोडून द्यावी लागेल. माझ्या मुलीची नागपूरहून पुण्यास बदली झाली आणि घर शोधण्यासाठी ती दोन दिवस आमच्याकडे राहावयास आली, तेव्हा तिने पिशवीतून एक कागद काढला. त्यावर बाणेर, वाकड, खराडी आणि हडपसर अशी चार नावे होती. प्रत्येक नावाखाली आधी तेथील शाळा, त्यांचे परीक्षा मंडळ, वार्षिक शुल्क, बसला लागणारा वेळ अशी माहिती व्यवस्थित मांडलेली होती. घरभाड्याचा रकाना सर्वांत शेवटी होता. पाण्याविषयी अक्षरही नव्हते. पुण्याच्या नव्या वसाहतींपैकी कितीतरी टँकरवर जगतात हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. पाणी विकत घेता येते, शाळेतील जागा वेळ टळल्यावर विकत घेता येत नाही, असा तिचा साधा हिशेब होता.

मी सवयीने विचारले, "यात महापालिकेची शाळा एकही नाही?"

ती म्हणाली, "बाबा, आपण कोथरूडला का राहायला आलो होतो?"

या प्रश्नाचे उत्तर मी आज येथे देणार आहे, कारण घरात ते मला देता आले नाही.

१९९१ साली लातूरहून मी पुण्यास आलो. माझे महाविद्यालय हडपसरला होते आणि जवळच दोन खोल्या स्वस्तात मिळत होत्या. महाविद्यालयाच्या फाटकातून दिसेल इतक्या अंतरावर महापालिकेची शाळा होती. आमच्या विभागातील शिपायाची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. ती त्या शाळेत पहिलीला बसली. मी मात्र कोथरूडला, जवळजवळ दुप्पट भाड्याने, घर घेतले. कारण तेथून एका नावाजलेल्या मराठी शाळेत मुलगी चालत जाऊ शकत होती. त्यानंतर अनेक वर्षे मी दोन पीएमटी बदलून रोज हडपसरला गेलो व आलो. त्याच वर्षांत अभ्यासवर्गांतून मी कोठारी आयोगावर बोलत असे, आणि समान शाळा पद्धतीवाचून समतेची भाषा पोकळ आहे, असे सांगत असे. बोलत होतो ते मला मनापासून पटलेले होते. पण फाटकासमोरच्या त्या शाळेत मी एकदाही पाऊल टाकले नाही. ती वाईट आहे असे मी पाहून ठरविले नव्हते. न पाहताच ठरविले होते.

हा कबुलीजबाब मी प्रायश्चित्त म्हणून देत नाही. आपल्या चळवळीत वैयक्तिक ढोंग उघडे पाडण्याची हौस पुष्कळ आहे, आणि त्यातून प्रश्नाचे आकलन फारसे वाढत नाही. माझ्या मुलीने किंवा मी जे केले ते ऐपत असलेले कोणतेही आईबाप करतील. प्रश्न असा आहे की, एकेकट्या कुटुंबाच्या दृष्टीने शहाणपणाचे असलेले हे निर्णय एकत्र आले म्हणजे शहराचे काय होते?

प्रथम, चांगली शाळा म्हणजे काय ते पाहू. आईबाप निकाल पाहतात आणि तेथे कोणाची मुले जातात ते पाहतात. अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पाहणीचा अहवाल १९६६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा इमारती, प्रयोगशाळा व ग्रंथालये यांपेक्षा मुलाची घरची परिस्थिती आणि त्याच्याबरोबर शिकणारी मुले यांचा त्याच्या प्रगतीशी अधिक संबंध दिसून आला. म्हणजे जिला आपण चांगली शाळा म्हणतो ती बऱ्याच अंशी शिकलेल्या आईबापांनी आपली मुले एकत्र आणून घडविलेली वस्तू असते. ती मिळविण्यासाठी आपण घर बदलतो तेव्हा एका ठिकाणची शाळा आणखी चांगली होते आणि दुसऱ्या ठिकाणची तितकीच उणी होते. जत्रेत पुढची रांग उभी राहिली की मागच्यांनाही उभे राहावे लागते. सर्वांचे पाय दुखतात आणि दिसते मात्र पूर्वीइतकेच. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली वाढीच्या सामाजिक मर्यादा दाखविताना याच जातीच्या वस्तूंकडे लक्ष वेधले होते. फरक इतकाच की आपल्या जत्रेत उभे राहण्याचे भाडे पडते, आणि ते घरमालकाच्या खिशात जाते.

उपनगर व शाळा यांची ही गाठ पुरती आवळली गेली तर काय होते, हे अमेरिकेत पाहावयास मिळते. तेथे शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून होतो आणि मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यावरून ठरते. नागरिक आपल्या पसंतीचे कर व सेवा पाहून गाव निवडतात, जणू पायांनी मतदान करतात, अशी मांडणी चार्ल्स टीबू यांनी १९५६ साली केली. मी ती पंचवीस वर्षे वर्गात शिकविली. दिसावयास ती फार देखणी आहे. ज्याच्या पायांत बळ नाही त्याचे काय, हे मात्र तिच्यात येत नाही. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ या शहरात एजवूड नावाचा गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांचा शाळा-विभाग होता व अलामो हाइट्स नावाचा सधन विभाग. एजवूडचे लोक अधिक दराने कर भरीत, तरी १९६७-६८ साली दर विद्यार्थ्यामागे त्यांना स्थानिक करातून २६ डॉलर उभे करता आले. अलामो हाइट्सने कमी दराने ३३३ डॉलर उभे केले. एजवूडचे पालक न्यायालयात गेले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, शहरातील वर्णभेद दूर करण्याच्या योजनेत भोवतालच्या उपनगरांना ओढता येणार नाही असे ठरले. उपनगराची शीव हीच तटबंदी झाली. त्या तटबंदीची किंमतही अर्थशास्त्राने काढून ठेविली आहे. सँड्रा ब्लॅक यांनी बोस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दींच्या दोन्ही बाजूंच्या घरांची तुलना केली, तेव्हा चाचण्यांतील गुण पाच टक्के अधिक असलेल्या शाळेसाठी लोक घराला सुमारे अडीच टक्के अधिक देतात असे १९९९ साली दाखवून दिले.

आपल्याकडे पुणे महापालिकेची शाळा वाकडी असो की सरळ, तिचा खर्च एकाच तिजोरीतून होतो. कोथरूडचा कर कोथरूडलाच लागत नाही. खाजगी शाळेची हद्दही पत्त्याने पक्की झालेली नाही. म्हणून हा अमेरिकन रोग आपल्याला नाही, असे समजण्याची चूक मात्र करू नये. तेथे जे काम मालमत्ता कर करतो ते येथे शुल्क, बसभाडे आणि घरभाडे मिळून करतात. शिवाय आपल्याला याची सवय जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी तक्रार केली होती ती हीच, की महसूल घाम गाळणाऱ्या रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतो.

यावर उपाय सुचला नव्हता असे नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने परिसर शाळेची कल्पना मांडली: परिसरातील सर्व मुले, मग ती कोणत्याही जातीची वा उत्पन्नाची असोत, एकाच शाळेत जातील. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या ग्रामीण शिक्षणाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने समान शाळा पद्धतीचा स्वीकार केला, १९८६ च्या धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला, आणि मधल्या काळात मध्यमवर्ग शांतपणे घर बदलीत राहिला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यातला एक तुकडा वाचविला. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील परिसरातल्या मुलांना द्याव्यात, अशी ती तरतूद. पण परिसर हा शब्द येथे कसा फिरतो ते पाहा. महाराष्ट्रात या प्रवेशांसाठी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांस प्राधान्य असते, नंतर तीन किलोमीटरपर्यंतच्या मुलांस. म्हणजे ज्या उपनगरात चांगल्या शाळांची दाटी, तेथे ज्याला खोली परवडेल त्याचाच हक्क बळकट. झोपडवस्ती उठवून शहराच्या कडेला नेली की घरास पक्की भिंत मिळते आणि मुलाचा एक किलोमीटर जातो. पुनर्वसनाच्या आंदोलनांत आपण चौरस फुटांसाठी भांडलो, आणि ते योग्यच होते. या किलोमीटरसाठी भांडलो असे मला आठवत नाही.

तो तुकडाही राज्य शासनाला जड झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमांत बदल करून, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला या पंचवीस टक्क्यांतून सूट देण्यात आली. शहरात अशी शाळा जवळ नाही असे ठिकाण शोधूनच काढावे लागेल! मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलास स्थगिती दिली व जुलै २०२४ मध्ये तो रद्द ठरविला. आपण त्या निकालाचे स्वागत केले. परंतु शासनाच्या त्या नियमामागचा युक्तिवाद कोणता होता? जवळ सरकारी शाळा असताना गरिबाने खाजगी शाळेत कशाला जावे, हाच ना? समान शाळा पद्धतीच्या पुरस्कर्त्याला या युक्तिवादाने खरे तर अडचणीत टाकावयास हवे होते. त्यातील लबाडी अशी की, हा प्रश्न फक्त गरिबाला विचारला गेला. खराडीला घर पाहणाऱ्या माझ्या मुलीला नाही.

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली दाखवून दिले की, संस्था बिघडली असता माणूस एक तर ती सोडून जातो किंवा तेथेच राहून आवाज उठवितो. आणि सरकारी शाळेतून सर्वांत आधी बाहेर पडतात ते गुणवत्तेविषयी जागरूक पालक, ज्यांचा आवाज सर्वाधिक उपयोगी पडला असता. अधिकाऱ्याला ही सुटकाच वाटते. शौचालयाला पाणी नाही म्हणून लेखी तक्रार करणारे कुटुंब निघून गेलेले असते. बाहेर पडलेल्यालाही आवाज मिळतो असे नाही. कायद्याच्या एकविसाव्या कलमाने सरकारी व अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली; तीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. विनाअनुदानित शाळांना ते कलम लागू नाही. माझी मुलगी जे शुल्क भरते त्यात तिला खुर्ची मिळत नाही.

आपल्या किती कार्यकर्त्यांना आपल्या प्रभागातील शाळेच्या समितीत कोण आहे हे ठाऊक आहे? प्रश्न टोचणारा आहे, पण शाखांच्या बैठकीत तो विचारावा. कित्येक ठिकाणी समिती सह्यांपुरती असते. धुणीभांडी करून आलेल्या बाईला बैठकीची वेळ कामाच्या वेळी ठेवून कळविली जाते, आणि मग पालकांना आस्था नाही असे म्हटले जाते. इंग्रजीच्या मागणीकडे नाक मुरडण्याचेही आता पुरे. आपण नावाजलेल्या मराठी शाळांत शिकलो वा मुलांना शिकविले, त्यांतून चांगले इंग्रजीही मिळाले. ते महापालिकेच्या मराठी शाळेत का मिळत नाही, हे विचारण्याऐवजी बांधकाम मजुराला मातृभाषेचे महत्त्व सांगणे शोभत नाही. २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने शासकीय पगार घेणाऱ्यांची मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालण्याची व्यवस्था करावी असा आदेश उत्तर प्रदेश शासनाला दिला होता. तो अमलात आला नाही, यात नवल नाही. पण पक्षाचा पदाधिकारी होऊ इच्छिणाऱ्यास न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण काय? निदान पाहून यावे, एवढे तरी मागता येईल. मी तेही केले नव्हते.

मुलीने खराडीला घर घेतले. मी तिला अडविले नाही. अडविण्याचा मला अधिकारही नव्हता. जूनमध्ये मी आता राहतो तेथील महापालिकेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी बसावयास खुर्ची दिली व नातवाच्या प्रवेशासाठी आलात का, असे विचारले. नाही म्हटल्यावर त्या जरा गोंधळल्या. पेन्शनर माणूस मग कशाला येईल? मी म्हटले, समितीच्या बैठकीला बसू द्याल का? मतदानाचा हक्क नाही, पण बसता येईल, असे त्या म्हणाल्या. बैठक दुपारी तीनला होती. सतरापैकी पाच पालक आले होते. मी बैठक सायंकाळी सातला घ्यावी असे सुचविले. शिपाई सहाला जातो, फाटक कोण लावणार, असा प्रश्न निघाला. किल्ली आमच्या घरी ठेवावी असा अर्ज मी लिहून दिला आहे.