कोळशाला पाणी, वस्तीला टँकर

वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावतात. धूळ भाकरीवर बसते, पोरांच्या छातीत बसते. मग टायवाले शहाणे म्हणतात : कोळशाचं पीठ करा, पाण्यात कालवा, पाइपातून सोडा. धूळ नाही, डिझेल नाही. खरंय. पण पाणी कोणाच्या बापाचं?

हिशेब मांडू. टनभर कोळशाला जवळपास टनभर पाणी. वर्षाला 10 लाख टन कोळसा म्हणजे 100 कोटी लिटर. माणशी रोज 40 लिटर धरा : 68 हजार माणसांचं वर्षभराचं पाणी! 2018 साली टँकरमागे धावलेल्या यवतमाळला हे सांगता?

अमेरिकेत हे झालंय. ब्लॅक मेसाचा 440 किलोमीटरचा पाइप, 1970 ते 2005. पाणी नवाहो-होपी आदिवासींच्या जमिनीखालचं, वीज लॉस एंजेलिस-लास वेगासला. अन् कित्येक नवाहो घरांत नळसुद्धा नाही.

महाडला 1927 साली ओंजळभर पाण्यासाठी आमच्या बापजाद्यांची डोकी फुटली. आता पाणी कोळशाला पाजायचं न् आम्ही बघत बसायचं?

दोस्तांनो, ट्रकची धूळ नको, पाइपाची तहानही नको. वणीत रेल्वे आहे. वाघिणी झाकून कोळसा न्या. आधी वस्तीत नळ, मग पाइपाचं बोला.