पाड्यावरची शाळा आणि शासनाचे कर्ज

एखाद्या पाड्यावर समाजमंदिराच्या ओट्यावर किंवा कुडाच्या झोपडीत कोणी तरुण चार मुले जमवून त्यांना अक्षरे शिकवू लागला, की त्याचे कौतुक करण्यास आपला सुशिक्षित समाज विलंब लावत नाही. वह्या वाटल्या जातात, शाल-श्रीफळ दिले जाते. हे कौतुक अयोग्य नव्हे. ते करून आपण मोकळे होतो, हे अयोग्य आहे. अशी शाळा काढावी का लागते, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

शहापूर-मुरबाडच्या कातकरी कुटुंबाला शाळेची फी जड जात नाही, कारण फी नाहीच. जड जाते ती बुडणारी मजुरी. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते. ती फेडण्यास घरातला प्रत्येक हात लागतो. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, म्हणून आईला विटा थापता येतात. या मुलीला शाळेत बसवायचे, तर आईच्या मजुरीचा भाग सोडावा लागतो. ‘मोफत’ शिक्षणाची ही खरी किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

ती ज्यांनी ओळखली, त्यांनी मूल शाळेकडे येण्याची वाट पाहिली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी-कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पुढे ‘विधायक संसद’ने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, मजुराच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

शासनाचे काय? प्रौढ निरक्षरतेने त्याचे उत्तर दिले आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे २०१६ साली जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि गावातल्याच एका तरुण सुनेने तेथे शिकवण्यास आरंभ केला. देशभर तिचे कौतुक झाले. परंतु हिशेब कोणी मांडला? घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१६ साली सत्तरीच्या असलेल्या आजी १९६० मध्ये नेमक्या चौदा वर्षांच्या होत्या. त्यांच्या हातातली पाटी म्हणजे न फेडलेल्या कर्जाची पावतीच होय.

अशा शाळा म्हणजे गरिबांना दिलेले दुय्यम शिक्षण, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. झोपडीतली शाळा ही शाळेला पर्याय होऊ शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर मान्यतेविना शाळा चालवणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयास अनुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पाड्यावरचा तरुण हेच काम करीत असतो. दंडाचे कलम लक्षात ठेवायचे आणि कर्तव्याचे विसरायचे, हा न्याय नव्हे.

त्याच्या त्यागावर भिस्त ठेवणेही तितकेच गैर आहे. वस्तीशाळांच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर काम केले. त्यांना नियमित सेवेत घेण्यास २०१४ साल उजाडावे लागले. सेवाभाव हा पगाराचा पर्याय मानला गेला, की सेवाही टिकत नाही आणि शाळाही.

तेव्हा मार्ग स्पष्ट आहे. कुटुंब भट्टीवर गेले तरी मूल गावातच राहावे, यासाठी हंगामी वसतिगृह दिवाळीपूर्वी सुरू झाले पाहिजे. जी मुले तरीही जातील, त्यांच्यापाठोपाठ भट्टीवर शिक्षक गेला पाहिजे. स्थानिक तरुणांना प्रशिक्षण व योग्य वेतन देऊन हे काम सोपवावे आणि त्यांच्याकडे शिकलेल्या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत विनासायास प्रवेश मिळावा. शेजारच्या शाळेत सारी मुले बसली म्हणून झोपडीतली शाळा बंद पडली, तर तेच त्या तरुणाच्या कामाचे खरे यश ठरेल. तोवर त्याला शालीपेक्षा शासनाच्या हाताची गरज अधिक आहे.