अलमट्टीकडे नजर, समुद्राकडे पाठ

जुलै उजाडला की सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तीन आकडे फिरायला लागतात. कोयनेत किती टीएमसी, आयर्विन पुलाखाली किती फूट आणि अलमट्टीतून किती क्युसेक. चौथा आकडा कुणीच टाकत नाही : अरबी समुद्र किती तापलाय?

समुद्र कुठे, सांगली कुठे, असं म्हणून हसू नका. कृष्णा जाऊन मिळते बंगालच्या उपसागराला, पण पावसाळ्यात तिला फुगवणारं पाणी मुख्यतः अरबी समुद्रावरून येतं. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर इथं ते सह्याद्रीला अडतं आणि कोसळतं. हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. हे कुणाचं मत नाही, भौतिकशास्त्र आहे.

हिंदी महासागर १९५० पासून दर दशकाला सुमारे ०.१२ अंशानं तापत आलाय. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आणि त्यांना लागणारं बाष्प अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांच्या उसळीतून येतं.

समुद्रालाही उष्णतेची लाट येते. वर्षातल्या त्या दिवसांसाठी जी तापमानं नोंदली गेलीत, त्यातल्या सर्वांत वरच्या १० टक्क्यांत पाणी सलग ५ दिवस तरी राहिलं, की ती लाट. २०२२ मधला एक अभ्यास सांगतो की अशा लाटांच्या वेळी दक्षिण भारतात पाऊस वाढतो आणि मध्य भारतात घटतो. म्हणजे तापलेला समुद्र नुसता पाऊस वाढवत नाही, तो पावसाची घडीच विस्कटतो. आपल्याला दोन्ही टोकं ओळखीची आहेत. २०१९ च्या मे महिन्यात माण आणि जतमध्ये टँकर फिरत होते, ऑगस्टमध्ये सांगलीत बोटी. २३ जुलै २०२१ ला सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगावावर डोंगर आला.

तरी आपलं भांडण एकाच धरणाशी. अलमट्टीची उंची वाढवायला विरोध जरूर करा, तो आपला हक्क आहे. पण २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. शत्रू राज्याच्या सीमेपलीकडे असला की सगळ्यांचीच सोय होते. मोर्चा निघतो, भाषणं होतात, आणि नदीपात्रातल्या भरावाचा विषय निघत नाही.

उलट बाजूचीही एक पळवाट आहे. ‘हवामान बदल आहे हो, आपण काय करणार?’ हे वाक्य आता पुढाऱ्यांनाही पाठ झालंय. समुद्र तापला म्हणून एकट्या समुद्राला दोष देऊन चालणार नाही. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचे परवाने समुद्रानं दिले नाहीत. ओढे बुजवून प्लॉट समुद्रानं पाडले नाहीत. समुद्र तापतोय, म्हणून तर नदीला आधीपेक्षा जास्त जागा लागणार आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हर बंद पडल्यावर वाजणाऱ्या अलार्मला आमच्याकडे मॉनिटरिंग म्हणत नाहीत. आयर्विनचे फूट म्हणजे तसलाच अलार्म आहे. तोवर पाणी गावभागाच्या वेशीवर आलेलं असतं. हैदराबादची इन्कॉइस समुद्री उष्णतेच्या लाटांची माहिती देते, पुण्यात आयआयटीएम आहे. मग कोयनेत किती पाणी ठेवायचं आणि किती जागा रिकामी ठेवायची, हे गेल्या शतकातल्या पावसाच्या हिशेबानं ठरवतात की आजच्या समुद्राच्या? हा हिशेब लोकांसमोर साध्या मराठीत का मांडला जात नाही?

हा प्रश्न ग्रामसभेत विचारा, पालकमंत्र्यांना विचारा, मत मागायला येईल त्याला विचारा. आणि विचारायचा तर मे महिन्यात विचारा. ऑगस्टमध्ये उत्तर द्यायला कुणी मोकळं नसतं, आणि ऐकायला आपणही घरात नसतो.